महाराज उतरत नाहीत

"काका, तंबोरा आम्ही काढून टाकलाय," असं साउंडवाला उमंग फोनवर म्हणाला, तेव्हा आत्माराम वसईच्या होळी बाजारात एक केळफूल हातात घेऊन त्याचा देठ नखाने खरवडून बघत होता. ताजं की कालचं हे देठाच्या चिकावरून कळतं. वाडीत वाढलेल्या माणसाला ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. "काढून टाकला म्हणजे?" त्याने विचारलं. "म्हणजे सॉफ्टवेअरने हो. आता आवाज वेगळा, तबला वेगळा, तंबोरा वेगळा करता येतो. महाराजांचा आवाज एकदम क्लीन मिळालाय. तंबोरा फारच उतरत होता ना, सगळ्या टेप्समध्ये. सुरू होतो बरोबर आणि मग खाली, खाली, खाली. तुम्ही टेन्शन नका घेऊ, तेव्हाची वाद्यं, तेव्हाची हवा. पण महाराजांना मानलं! तंबोरा खाली येतोय तर तेपण बिचारे त्याच्यासोबत खाली येतात, पण सूर सोडत नाहीत. स्वरूपसरांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, एवढी खराब साथ आणि तरीही केवढं गाणं!" पुढे तो हॉल, माइक, रविवारच्या कार्यक्रमाची वेळ असं काहीबाही बोलत राहिला. भाजीवाली वैतागली. "घेताय का बाबा, का नुसतं कुरवाळायचंय?" आत्मारामने केळफूल पाटीत परत ठेवलं आणि पिशवी रिकामीच घेऊन तो पापडी गावातल्या घराच्या रस्त्याला लागला.

उतरत होता! खराब साथ! वा रे वा. ओठांतल्या ओठांत तो एवढंच म्हणत होता आणि समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा त्याचाही सूर त्याच्या कानाने सवयीने पकडून ठेवला. हे कानाचं दुखणं लहानपणापासूनचं. विहिरीवरचा पंप, दळणाची गिरणी, चर्चची घंटा, सगळ्यांचा सा त्याला न विचारता कळायचा. घंटेचा त्याला विशेष लोभ होता. पोरवयात तो वाडीत केळींना पाणी सोडता सोडता घंटेचा शेवटचा गुंजार धरायचा आणि तो विरल्यावरही तोच स्वर घशात तसाच ठेवून बांधापर्यंत जायचा. परत घंटा वाजली की ताडून बघायचा. हललेला नसायचा. ह्या एका गोष्टीवर होळी बाजारातल्या भजनात बुवांनी त्याला उचललं. बुवा वेळणगडच्या दरबारात तंबोऱ्याला बसायचे, कुणाच्या तरी लग्नासाठी इकडे आले होते. भजन संपल्यावर त्यांनी आत्मारामच्या बापाला बाजूला घेतलं. "पोराचा सा खिळ्यासारखा आहे हो. द्या मला." बापाला वाटलं, पोरगं गवई होणार. आत्मारामलाही तेच वाटलं. आयुष्यात माणसाला एकदाच काय ते फुकटात मोठं वाटायला मिळतं, ते त्याने त्या दिवशी वाटून घेतलं.

वेळणगड संस्थान ते केवढं! सकाळी घोड्यावर बसावं आणि दुपारच्या जेवणाला पलीकडच्या हद्दीवर पोचावं. तेही कधीच विलीन होऊन गेलेलं. आत्माराम तिथे गेला तेव्हा राज्य नव्हतं, तोफा नव्हत्या, हत्ती मरून गेला होता. उरलं होतं ते अचलराव महाराजांचं गाणं, आणि गाणं म्हणजे काय, तर वेड. पहाटे दिवा लागायच्या आत महाराज तंबोऱ्यापुढे बसलेले असायचे. शिकारीत बंदिश सुचली तर सांबर तसंच सोडून मागे फिरायचे. आईच्या तेराव्याला भरल्या पंगतीतून उठले होते, का, तर मुखडा सापडला. राणीसाहेब हसून म्हणायच्या, माझी सवत चार तारांची आहे. हसून म्हणायच्या, पण त्यांचं जेवण थंड व्हायचं ते व्हायचंच. पेशवाईच्या वेळची तलवार दाखवायला कुणी आलं की महाराज त्याला बसवून घ्यायचे आणि नवी चीज ऐकवायचे. तलवार राहायची बाजूलाच. आणि चिजा सुंदर होत्या. हे कबूल करताना आत्मारामच्या जिभेला आजही जड जात नाही. उलट तेच तर दुखणं आहे. चिजा टुकार असत्या तर त्याने केव्हाच गाशा गुंडाळला असता. 'दिन ढरि गयो, बाट न निबरी' ही मारव्यातली बंदिश महाराजांनी त्याच्यादेखत बांधली, खिडकीत उभं राहून, पाठमोरं. दिवस बुडाला, वाट काही सरली नाही. त्या 'निबरी'वर कोमल रिषभ असा काही लागायचा की आत्मारामला वाडीतली संध्याकाळ आठवायची. बंदिशीत महाराज आपलं नाव अचलपिया असं घालायचे.

देवाने त्यांना सगळं दिलं होतं. बुद्धी, दम, भरदार गोड आवाज. फक्त सा जागेवर राहायचा नाही. बैठकीत बसल्या बसल्या झोप लागलेला माणूस जसा लोडावरून खाली घसरत जातो आणि त्याचं त्याला कळत नाही, तसे महाराज विलंबितात घसरायचे. केसभर, मग आणखी केसभर. आणि त्यांना कळायचं नाही, हेच दरबाराने ठरवून टाकलं होतं. पहिल्या दिवशी बुवांनी आत्मारामला तंबोऱ्याच्या भोपळ्याजवळ बसवलं आणि घोडीखालचे, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखालचे, मणी दाखवले. तार बारीक लावायची तर मणी सरकवायचा, हे त्याला माहीत होतं. बुवा म्हणाले, "हे सगळेच करतात, गाण्याआधी. आपण गाणं चालू असताना करायचं. डावा हात शालीखाली. महाराज जरा खाली गेले की मणी जरा घोडीकडे. तार सैल होते. त्यांच्याबरोबर उतरायचं. ऐकणाऱ्याला पत्ता लागता कामा नये." आत्माराम बघतच राहिला. "पण बुवा, महाराज उतरतात…" बुवांनी त्याच्या मांडीवर चापट मारली, जोरात. "महाराज उतरत नाहीत. तंबोरा उतरतो. हवा दमट असते."

हवा दमट असते! उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडल्या तरी वेळणगडला हवा दमटच असायची. तबलजी म्हणायचा, सारंगीवाला म्हणायचा, पानाचा डबा घेऊन उभा राहणारा नोकरसुद्धा म्हणायचा. पेटीला तर दरबारात बंदीच होती. पाहुण्यांना सांगायचे, परदेशी वाद्य, तिला श्रुती कळत नाहीत, महाराजांना खपत नाही. पाहुणे माना डोलवायचे, काय हा शुद्धतेचा आग्रह! खरी गोष्ट ही की पेटी कुणासाठी हलत नाही. तिच्या पट्ट्या जिथे आहेत तिथेच राहतात आणि पहिल्या दहा आवर्तनांत दरबाराचं भांडं फुटलं असतं. पेटी कोपऱ्यात गेली आणि आत्माराम बसला. आपण पेटीच्या जागी आहोत, फक्त आपल्याला मान आहे आणि ती हलवता येते, असं त्याला कधी कधी वाटायचं. बैठक संपली की महाराज सगळ्यांसमोर वळून म्हणायचे, "आत्माराम, आज तंबोरा फार उतरत होता रे. असू दे. हवा दमट आहे." सगळ्यांसमोर माफ करायचे! आणि तो मान खाली घालून म्हणायचा, "जी महाराज."

एकदाच त्याने मणी हलवला नव्हता. तरुण होता, नवं लग्न झालं होतं, सुशीला वसईहून आली होती आणि चिकाच्या पडद्याआड बायकांत बसून पहिल्यांदाच त्याची साथ ऐकत होती. बाहेरून एक मोठे खाँसाहेब आले होते. महाराजांनी मारवा काढला. मारव्यात षड्जावर फार टेकायचं नसतं, गाणारा त्याच्या अवतीभवती हिंडत राहतो, त्याला टाळतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव कासावीस झाला की मग कधीतरी एकदाचा षड्ज देतो. त्या हिंडण्यात महाराज किती खाली गेले, हे फक्त आत्मारामला कळत होतं. शालीखाली हात मण्यावर होता. आणि त्याच्या मनात आलं, नाही. आज नाही. आज सुशीला ऐकतेय. महाराजांनी षड्ज दिला आणि तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा त्याच्याशी अशा काही भांडल्या की तबलजीचा हात अडखळला. महाराज थांबले. वळले. आत्मारामला वाटलं होतं ते रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्या डोळ्यांत राग नव्हता. गर्दीत आईचा पदर सुटलेल्या पोराच्या डोळ्यांत असते तसली भीती होती. "आत्माराम," महाराज अगदी हळू म्हणाले, "तंबोरा लावून घे." म्हणजे त्यांना ठाऊक होतं! निदान त्या एका क्षणापुरतं तरी ठाऊक होतं. सगळी बैठक त्याच्याकडे बघत होती. त्याने मणी सरकवला, खऱ्या तारा खोट्या केल्या, आणि खाँसाहेबांनी "अब ठीक है" म्हणून दाद दिली. रात्री सुशीलाने चेष्टेत विचारलं, "काय हो, एवढ्या लोकांत तुमचाच तंबोरा कसा बिघडला?" तो म्हणाला, "हवा." त्यानंतर त्याने कधी तसं केलं नाही. भिऊन नाही. हे कुणाला सांगून पटणार नाही, पण ते डोळे पुन्हा बघायची त्याची छाती नव्हती. त्या माणसाचं गाण्यावर इतकं प्रेम होतं आणि गाण्याचं त्याच्यावर नव्हतं. अशा माणसाला उघडं पाडायला काळीज दगडाचं लागतं. आत्मारामचं नव्हतं. मग व्हायचं तेच झालं. दुसऱ्याच्या घसरण्यावर कान ठेवून ठेवून त्याचा स्वतःचा गळा बसला. कधी एकटा गायला बसला की गाण्यापेक्षा डाव्या हाताकडेच लक्ष जायचं. गाणं सुटलं. दरबारी बोलता बोलता घरची वाडवळी बोलीही सुटली. महाराज गेल्यावर वसईला परत आला तेव्हा त्याच्या तोंडचं "आपण बसावं" ऐकून भाऊबंद फिदीफिदी हसले होते.

घरी सुशीला ओट्यावर पापलेट साफ करत होती. केळफूल नाही, रिकामी पिशवी, ह्यावरून तिने काय ते ओळखलं. "कोण मेलं?" तिने विचारलं. तिचं बोलणं असंच. आत्मारामने फोनची हकीकत सांगितली, आणि मग, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं, मण्याचं, शालीखालच्या हाताचं, सगळं सांगून टाकलं. ती हात धुवायचं विसरली. मग म्हणाली, "म्हणजे त्या रात्री तुम्ही माझ्याशी खोटं बोललात." "तेवढंच दिसलं तुला?" "मग काय दिसायचं? तुम्ही आयुष्यभर राजाच्या मागे शेपटीसारखे हललात, हे? ते तर मी रोज बघत होते. फक्त का, ते कळत नव्हतं." तिने पापलेटाचं डोकं कापलं. "आता काय करणार?" "रविवारी मणी हलवणार नाही," तो म्हणाला. हे तो ठरवून बोलला नव्हता, तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर कळलं की रस्ताभर आपण हेच ठरवत आलो. "नुसता महाराजांचा आवाज लावणार आहेत. तंबोरा मी धरणार. एकदा, मरायच्या आधी एकदा तरी माझा सा लोकांना ऐकू दे. मग काय ते कळेल कुणाचं काय उतरत होतं." सुशीला त्याच्याकडे बघत राहिली. "मेलेल्या माणसाला आता बेसूर करताय?" "मग मी जिवंतपणी झालो ते?" त्याचा आवाज चढला. असा तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. रात्री जेवताना तिने सगळ्यात मोठी तुकडी त्याच्या ताटात वाढली.

हे रविवारचं प्रकरण स्वरूपने काढलं होतं. स्वरूप महाराजांचा नातू. राजवाडा कुणा रिसॉर्टवाल्याला देऊन तो विरारला बिल्डर झाला होता, आणि आजोबांची आठवण म्हणून त्याने इमारतींना रागांची नावं दिली होती. भूप टॉवर, केदार टॉवर, मारवा टॉवर बी विंग. मारव्याच्या बी विंगमध्ये पाणी चढत नाही अशी तक्रार आत्मारामने गेटवरच ऐकली होती. क्लबहाउसचं उद्घाटन आणि महाराजांची जन्मशताब्दी असा एकत्र बार उडवायचा होता. पंधरवड्यापूर्वी मोठ्या गाडीतून तो घरी आला, चपला काढून आत आला, वाकून नमस्कार केला. पोरगा वाईट नाही. "आजोबांबरोबर बसलेले आता तुम्हीच एक राहिलात," म्हणाला. "टेपवर आजोबा गातील, स्टेजवर तुम्ही तंबोरा धराल. लोकांना वाटलं पाहिजे, आजोबा तिथेच बसलेत." कुणीतरी त्याला सुचवलं होतं की आवाजही जरा सॉफ्टवेअरने सारखा करून घ्या, पण स्वरूपने कानांना हात लावले. आजोबांच्या आवाजाला हात लावायचा नाही. जसा आहे तसा. ऑथेंटिक. बाकी तंबोऱ्याचं काय, काका आहेतच, जुळवून घेतील.

मधल्या दिवसांत आत्माराम माणसांत नव्हता. तंबोरा गवसणीतून काढला, तारा बदलल्या, घुमारा यावा म्हणून जवारी नीट केली, सकाळ-संध्याकाळ घेऊन बसला. हात मण्याकडे जायचा. तो हात उचलून मांडीवर ठेवायचा आणि पुन्हा तारा छेडायचा. हात पुन्हा जायचा. शेवटी त्याने डाव्या हाताची मूठ धोतराच्या सोग्यात गुंडाळून ठेवली. सुशीलाने ते पाहिलं आणि न बघितल्यासारखं केलं. दुपारी घंटा झाली की तो लहानपणासारखा तिचा गुंजार घशात धरून बघायचा. दोनदा घसरला. तिसऱ्यांदा राहिला. राहिला! त्याला एवढा आनंद झाला की तो उठून फेलिशियाकडे गेला. फेलिशिया शेजारच्या वाडीतली, चर्चच्या कॉयरची बाई, पोरांच्या तालमीला त्याला हटकून बोलावणारी. "काका, डोळे मिटून बसा आणि कोण घसरतोय तेवढं सांगा," असं तिचं असायचं. आणि हा बोट दाखवेल त्याला ती मागच्या रांगेत पाठवायची. अख्ख्या वसईत त्याच्या कानाला ओळखणारं ते एकच माणूस. "रविवारी येशील ना?" त्याने विचारलं. "पहिल्या रांगेत बसते बघा," ती म्हणाली. त्याला बरं वाटलं. बाकी सगळे बहिरे असले तरी चालेल, एकाला कळलं की झालं.

क्लबहाउसमध्ये एसी इतका लावला होता की बायका पदर अंगभर लपेटून बसल्या होत्या. स्टेजवर महाराजांचा मोठा फोटो, तंबोरा खांद्याला लावलेला, डोळे मिटलेले. फोटोपुढे रिकामी बैठक, तिच्यावर हार. आणि मागे, उजव्या हाताला, आत्मारामची जागा. तीच जागा, आयुष्यभराची. उमंग कोपऱ्यात आपल्या यंत्रापुढे हेडफोन लावून बसला होता, त्याने अंगठा दाखवला. निवेदिका बाई सुरू झाली. बिघडलेल्या तंबोऱ्याशीसुद्धा सूर राखणारा थोर कलावंत, असं तिला कुणीतरी लिहून दिलं होतं आणि ते तिने फार भावपूर्ण म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्मारामने पहिली तार निषादाला आणि बाकी षड्जाला, उमंगने ऐकवलेल्या महाराजांच्या पहिल्या सुरावर तंतोतंत लावून घेतल्या होत्या. अंगावर शाल होती. डावा हात त्याने शालीबाहेर काढून गुडघ्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

आणि महाराज गायला लागले. आत्मारामची मान ताठ झाली. किती वर्षांनी! आवाज इतका मोकळा की फोटोतल्या माणसाने श्वास घेतल्यासारखं वाटलं. दिन ढरि गयो. त्याला खिडकीतली ती पाठ दिसली, गळ्यातली खोकल्याची खरखर आठवली, थंडीत आपल्या अंगावर स्वतःची शाल टाकणारा तो हात आठवला. ही तीच शाल. बाट न निबरी. रिषभावर हॉलमधल्या कुणीतरी "आहा" केलं. आत्मारामच्याही तोंडून निघालं असतं. पण कान बधत नव्हता. कान आपलं काम करत होता. गेले. केसभर गेले. अजून कुणाला कळणार नाही. अजून केसभर. गुडघ्यावरच्या हाताने त्याने गुडघा घट्ट पकडला. महाराज, नका जाऊ, तो मनात म्हणाला. इथेच आहे मी, हा बघा सा, धरा. एकदा तरी तुम्ही माझ्याकडे या. पण टेपवरचा माणूस कुठून येणार! तो हिंडत राहिला, टाळत राहिला, खाली खाली जात राहिला, आणि शेवटी सगळ्यांचा जीव कासावीस करून त्याने तो षड्ज दिला. तंबोऱ्याच्या तारा त्याच्याशी कडकडून भांडल्या. हॉलभर ती खरखर पसरली. लोक दचकले, आणि सगळ्यांच्या माना वळल्या. फोटोकडे नाही. आत्मारामकडे.

त्याने तारा छेडणं थांबवलं नाही. बघा, बघा सगळे. हा माझा सा. सुरुवातीला होता तिथेच आहे. पुसा कुणालाही. पहिल्या रांगेत स्वरूप ओठ चावत होता. एक म्हातारा शेजाऱ्याच्या कानाला लागला. फेलिशियाच्या कपाळावर आठी होती. आत्मारामने तिच्याकडे बघितलं, आता कळेल, आता तिचा चेहरा उजळेल. पण तिने नजर खाली वळवली, कॉयरमधलं लाडकं पोर भर मासच्या प्रार्थनेत घसरल्यावर वळवावी तशी. आणि मग त्याच्या शेजारच्या स्पीकरमधून येणारा तंबोऱ्याचा आवाज बारीक होत होत नाहीसा झाला. त्याने कोपऱ्यात पाहिलं. उमंगचं बोट एका बटणावर होतं, ते हळूहळू खाली येत होतं. उमंगने मान तिरकी करून त्याला हसून खूण केली, चालू द्या काका, काही हरकत नाही. महाराजांचा एकट्याचा आवाज हॉलभर झाला. एकट्या आवाजात कोण कशाला घसरेल? लोकांनी पुन्हा डोळे मिटले. बंदिश संपेपर्यंत आत्माराम खऱ्या सुरात तंबोरा छेडत राहिला आणि तो त्याला एकट्याला ऐकू येत होता. शेवटी सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. स्वरूप स्टेजवर येऊन त्याच्या पाया पडला, "वय झालं काका, एवढं बसलात हेच खूप," म्हणाला.

माणसं खाली वड्याच्या स्टॉलकडे गेली. सुशीला मागच्या खुर्च्यांतून उठून स्टेजच्या पायरीशी येऊन उभी राहिली, गवसणी हातात घेऊन. फेलिशिया मात्र वर आली, त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. "काका, मन छोटं नका करू. तंबोरे असंच करतात. हवा दमट आहे ना वसईची." आत्मारामने डोक्यावर घोंघावणाऱ्या एसीकडे बघितलं. त्याला हसू आलं, मग ते गेलं. "फेलिशिया," तो म्हणाला, "माझा तंबोरा बरोबर होता. महाराज उतरत होते. ते आयुष्यभर उतरायचे. मी उतरवायचो त्यांच्यासाठी." शब्द तर सगळे निघाले, एकही अडला नाही. फेलिशियाने ऐकून घेतलं. मान डोलवली. "हो काका," ती म्हणाली. "हो." तो स्वर त्याने शंभरदा ऐकला होता. तालमीत मागच्या रांगेत पाठवलेलं पोर मी नव्हतोच घसरलो म्हणून हट्ट धरतं, तेव्हा ती असंच म्हणायची.

"थांबा, आपण लावून बघू या," ती मग म्हणाली, त्याचं मन राखायला, आणि डोळे मिटून तिने आ लावला. सा. आत्मारामच्या कानाने तो पकडला. तो महाराजांचा सा होता. सुरुवातीचा नव्हे, शेवटचा. घसरून घसरून जिथे पोचला होता तिथला, हॉलमधला प्रत्येक माणूस जो कानात घेऊन आता वडे खात होता तो. फेलिशिया तो अगदी प्रामाणिकपणे, एका रेषेत धरून बसली होती. त्याने तार छेडली. तार भांडली. फेलिशियाने डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघितलं, आणि त्या डोळ्यांत त्याला ते दिसलं, जे पुन्हा बघायची त्याची छाती नव्हती. लावून घ्या ना काका, असं ते डोळे म्हणत होते, माझ्यादेखत असं नका होऊ. पायरीवरून सुशीला म्हणाली, "अहो, नको." पण डावा हात शालीखाली कधीच गेला होता. त्याने मणी घोडीकडे सरकवला, केसभर, आणि आणखी केसभर. "बघा," फेलिशिया खूश होऊन म्हणाली, "जुळलं की नाही!"

"जुळलं," आत्माराम म्हणाला, आणि तंबोरा सुशीलाच्या हातात देऊन टाकला.